अलीबाई हाजिर हो

मोघे वकील उठून म्हणाले,
श्रीमान, बचाव में अ‍ॅलिबाय है.
दारातल्या रामदुलारेनं फक्त नाव ऐकलं
आणि आपलं काम केलं.
व्हरांड्यात गेला, तोंडाशी हात धरून
तीनदा पुकारलं:
अलीबाई हाजिर हो!

इंदूरच्या जिल्हा कोर्टात त्या दिवशी
बायका पुष्कळ होत्या.
पोटगीच्या, न वटलेल्या चेकच्या,
एक नुसतीच कुणाच्या सोबतीला आलेली.
ती अर्धवट उठली, पदर सावरला,
मग खाली बसली.
आत न्यायाधीशसुद्धा हसले.
मी ते हसू वहीत घेतलं नाही.
लघुलिपीत हसण्याला खूण आहे तशी,
पण नक्कल काढताना कुणी मागत नाही.

सुट्टीत मोघ्यांनी जुन्या वकालतनाम्याच्या पाठीवर
तो शब्द मला फोडून दाखवला,
सीताफळ दोन अंगठ्यांनी फोडावं तसा.
आलिउस म्हणजे दुसरा.
इबी म्हणजे तिथे.
लॅटिनमध्ये हे नाम नव्हतंच हो, बाई,
साधं क्रियाविशेषण. आपलं ‘अन्यत्र’.
इंग्रजी कोर्टांतल्या कारकुनांनी
ते इतक्या वेळा लिहिलं
की त्याला नामाचे हातपाय फुटले.
मग एक अ‍ॅलिबाय, पक्की अ‍ॅलिबाय,
पैसे मोजून उभी केलेली अ‍ॅलिबाय.
मी म्हटलं, माझा भाचा गृहपाठ राहिला की
हाच शब्द वापरतो.
मोघ्यांचा चहा बशीत सांडला.
ती सबब! सबब इथे असते.
अ‍ॅलिबाय इथे नसते.

आरोपी नंदकिशोर कुमावत, राहणार परदेशीपुरा,
हलवायाच्या हाताखाली.
पाण्याची मोटर चोरीला गेली त्या रात्री
तो म्हणे देवासला, एका लग्नात, पुऱ्या तळत होता.
नवरीचा मामा पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला,
कढी में नमक नहीं था साब.
सवा एक बजे इसी ने डाला. ज़्यादा डाल दिया.
कोर्टानं अंतर विचारलं.
छत्तीस, सदतीस किलोमीटर.
सरकारी वकिलांनी ‘मोटरसायकल’ एवढंच म्हटलं
आणि खाली बसले.
कारण कायद्याला तितकं दूर लागतं
की माणूस एका रात्रीत
दोन्हीकडे मावणार नाही.

तितकं दूर, मी लिहिलं,
आणि पेन्सिल तिथेच थांबली.

आमचं गाव म्हणतात ते साताऱ्याकडे कुठेसं.
चार पिढ्यांत मी एकटी जाऊन आले.
एसटी स्टँडवरच्या दुकानदाराला म्हटलं,
पाऊस येऊन राहिला आहे, छत्री दाखवा.
तो छत्री उघडता उघडता म्हणाला,
तुम्ही तिकडच्या वाटतं.
परतले, तर मल्हारगंजची भाजीवाली
मेथीची जुडी झटकत,
आप लोग तो उधर के हो ना.
दोन साक्षीदार,
एकमेकांचं तोंडही न पाहिलेले,
उलटतपासणीत जराही न हललेले.
अशी अ‍ॅलिबाय असताना
कुठल्याच गुन्ह्यात मला कुणी धरू शकणार नाही.
मोघ्यांना हे सांगावंसं वाटलं.
ते पुढच्या तारखेसाठी डायरी चाळत होते.

निकालाच्या दिवशी मी रजेवर होते.
भावजयीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, उज्जैनला.
नंदकिशोर सुटला की नाही
ते रामदुलारेकडून कळलं.
छूट गया, मॅडम. नमक ने बचा लिया.
मग कागदाच्या गठ्ठ्यावर हात ठेवून
खालच्या आवाजात विचारलं,
वो अलीबाई... कभी आई थी क्या?

त्यानं खरंच विचारलं होतं.
इतक्या वर्षांत त्यानं पुकारलेलं
कुणी ना कुणी आलंच होतं,
उशिरा का होईना, धापा टाकत.

हजेरीचं रजिस्टर त्याच्याच टेबलावर होतं.
मी पुढे ओढलं,
माझ्या नावासमोर सही केली,
वेळ घातली: दहा पन्नास.